कपाटावरचा झरोका

आमच्या गल्लीत बत्तीस घरं, सगळी एकाच साच्यातून काढलेली. बाहेरून बघितलं तर फरक फक्त फाटकाच्या रंगाचा. म्हणून आपलं घर आतून तरी वेगळं दिसावं यासाठी जो तो जिवाचा आटापिटा करतो. कोणी छताला लाकडी पट्ट्या लावतो, कोणी बैठकीच्या एकाच भिंतीला असा भडक रंग देतो की पाहुण्याने हातातला चहा विसरावा. मीही त्यातलीच. पडदा बदलला की त्याला साजेशी उशी, उशीला साजेसा गालिचा. नवरा म्हणायचा, "आता गालिच्याला साजेसा नवरा आणू नकोस म्हणजे मिळवलं."

या बत्तीसपैकी निदान पंचवीस घरांच्या भिंती एकाच माणसाच्या हातून गेल्या होत्या. त्याला सगळे पोपडेकाका म्हणत. खरं आडनाव कोणी कधी विचारलं नाही, आणि मी तर नाहीच नाही. कुठेही रंगाचा पोपडा सुटलेला दिसला की त्यांचा हात आपोआप तिकडे जायचा, म्हणून ते नाव. दुसऱ्याच्या घरी नुसतं भेटायला आले तरी बोलता बोलता नखाने भिंत खरवडत बसायचे.

माणूस किरकोळ अंगाचा, एक खांदा शिडी वाहून वाहून खाली आलेला. पाटी नाही, कार्ड नाही, जाहिरात नाही. एका घराने दुसऱ्या घराला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, एवढ्यावर त्यांचं आयुष्य चाललं होतं. कामाला आले की चपला बाहेर काढायच्या आणि आधी नुसतं भिंतीसमोर उभं राहायचं. मग बोटाच्या पेराने ठकठक करायची, कान लावायचा, पुन्हा ठकठक. "इथे हातभर गिलावा सुटलाय," म्हणायचे, किंवा "इथून पाईप गेलाय, खिळा मारू नका." गल्लीच्या टोकाच्या बँकवाल्यांना त्यांनी सांगितलं होतं की जिन्याच्या भिंतीत पाणी मुरतंय. बँकवाले हसले. भिंत कोरडी खडखडीत दिसत होती. शेवटी पैजेवर फोडली, तर आतली वीट ओली चिंब निघाली. तेव्हापासून गल्लीत म्हणायला लागले, डॉक्टरचं निदान एक वेळ चुकेल, पण पोपडेकाकांचा कान चुकायचा नाही.

त्यांची एक सवय होती, तिची आम्ही थट्टा करायचो. रंग खरवडून भिंत उघडी केली की उजव्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर, ते पेन्सिलने लिहून ठेवायचे. तारीख, भिंतीत काय सापडलं, त्यावर काय उपाय केला. मग त्यावर पुट्टी, प्रायमर, रंगाचे दोन हात. सगळं गाडून टाकायचे.

"अहो काका, हे वाचणार कोण?" मी एकदा विचारलं होतं.

"पुढचा रंगारी," ते म्हणाले. "भिंतीचं दुखणं त्याला कळायला नको का? आणि आधीच्याने लिहिलेलं खोडायचं नाही. आपण त्याच्याखाली लिहायचं."

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. दुसऱ्याच्या घरातली वस्तू ते स्वतःच्या हाताने कधी हलवायचे नाहीत. कपाट सरकवायचं असो की साधी तसबीर उतरवायची असो, "वहिनी, तेवढं तुम्ही काढा" म्हणायचे आणि पाठ करून उभे राहायचे. तरुणपणी कुठल्याशा घरात ट्रंक सरकवली म्हणून त्यांच्यावर चोरीचा आळ आला होता. वस्तू दोन दिवसांनी त्या घरातच सापडली, पण यांनी कानाला खडा लावला. मालकाने जे दाखवलं ते बघायचं, मालक जे सांगेल ते खरं धरायचं.

आमचं घर सतरा नंबरचं. उत्तरेकडची खोली सासूबाईंची. हिवाळ्यात त्या खोलीत ऊन फिरकत नाही. दिवसभर हीटर चालू ठेवला तरी पायांना गारठा जाणवायचा, आणि कुठून येतो म्हणून मी एकदा हात फिरवत गेले तर सापडलं. कपाटाच्या वर, छताखाली, वीतभर बाय हातभर झरोका. बत्तीसही घरांना तो आहे. हीटरने खोली तापवायची आणि सगळी ऊब त्या भोकातून बाहेर घालवायची, हा शहाणपणा घर बांधणाऱ्याला कोणी शिकवला, असं मला वाटलं.

"तो बंद करू नकोस गं," सासूबाई म्हणाल्या. "माझा जीव गुदमरतो."

नवराही म्हणाला, राहू दे. पण मला कोणी 'नको' म्हटलं की हात जास्तच शिवशिवतात. दोघं बाहेर गेलेले बघून मी शिडीवर चढले, जुन्या गोधडीचे तुकडे झरोक्यात कोंबले, वर प्लायचा तुकडा स्क्रूने आवळला आणि त्याला भिंतीच्या रंगाचा कागद चिकटवला. पुढे कपाटावर बॅगा रचल्या. खालून बघणाऱ्याला फक्त बॅगा दिसायच्या, आणि बाहेरून बघणाऱ्याला पूर्वीसारखीच जाळी. आठवड्याने सासूबाईंनी नवऱ्यासमोरच विचारलं, "झरोका उघडाच आहे ना?" मी म्हटलं, "उघडाच आहे की. बॅगा आहेत पुढे, म्हणून दिसत नाही."

बस, एवढंच. तोंडातून निघायला क्षणही लागला नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या खाटेशेजारच्या भिंतीवर काळे ठिपके उठले. आधी मोहरीएवढे, मग नाण्याएवढे, मग एक आख्खा कोपरा काळा. सासूबाईंना खोकला लागला. मी पोपडेकाकांना बोलावलं.

त्यांनी ठकठक केली, कान लावला, तळहात भिंतीवर बराच वेळ ठेवला. "ही ओल बाहेरची नाही," म्हणाले. "खोलीतलीच आहे. बंद खोलीत हीटर, माणसाचा श्वास, वाळत घातलेले कपडे. सगळी वाफ या थंड भिंतीवर येऊन बसते. भिंतीला घाम फुटतोय म्हणा ना." मग वर बघितलं. "झरोका उघडा आहे ना, वहिनी?"

सासूबाई खाटेवर बसलेल्या होत्या. नवरा दारात उभा. दोघांनाही मी उघडा आहे म्हणून सांगितलेलं. आता या तिसऱ्या माणसासमोर, रंगाऱ्यासमोर, मी खोटारडी ठरायचं?

"उघडा आहे," मी म्हटलं. "बॅगांच्या मागे आहे."

त्यांनी मान हलवली. बॅगा हलवल्या नाहीत. मी हलवल्या असत्या तर बघितलं असतं. मी हलवल्या नाहीत.

त्यांनी भिंत गिलाव्यापर्यंत खरवडली, बुरशीचं औषध मारलं, ती नीट सुकू दिली, कोपऱ्यात लिहिलं, रंग दिला. काम सुरेख झालं होतं. दोन महिन्यांनी ठिपके पुन्हा उठले.

त्याच सुमारास समोरच्या बाईंकडे आम्ही चारजणी चहाला बसलो होतो. समोरच्या बाई म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र, फक्त सकाळची आवृत्ती दिवसभर निघायची. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे आत्ताच रंग झाला ना? मग भिंत पुन्हा कशी गं बिघडली?" मी काय बोलावं? गप्प बसता आलं असतं. कळत नाही बाई, म्हणता आलं असतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "प्रायमर न लावताच रंग फासला असणार. वय झालं आता पोपडेकाकांचं. पूर्वीचं काम राहिलं नाही."

चौघींनी चहाचा घोट घेतला. संध्याकाळपर्यंत ते बत्तीस घरांत पोचलं.

काका आपणहून पुन्हा आले. पैसे घ्यायला तयार नाहीत. छपरावर चढले, पन्हाळ तपासली, बाहेरची भिंत बोटभर बोटभर ठोकत गेले. मी खिडकीतून बघत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी त्या माणसाची गत मी केली होती, आणि कळसा मीच लपवला होता. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगावं. मग वाटायचं, आता सांगितलं तर पहिल्यांदा का नाही सांगितलं, हे विचारतील. दिवस गेला तसं ते सांगणं जड होत गेलं. दुसऱ्यांदा रंग झाला. पुन्हा ठिपके. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी एकाच जागी इतक्या वेळा ठकठक केली की सासूबाईंनी विचारलं, "काय हो, काही ऐकू येतंय का?"

"येतंय तेच येतंय, आजी," ते म्हणाले. "भिंत म्हणते हवा द्या. आणि हवा तर आहे. म्हणजे मलाच चुकीचं ऐकू येतंय."

निघताना दारात चपला घालताना मला म्हणाले, "माझा कान गेला वहिनी." हसून म्हणाले, पण डोळे माझ्याकडे नव्हते.

बँकवाल्यांनी त्या वर्षी जिना रंगवायला दुसऱ्याला बोलावलं. मग कोपऱ्यावरच्या घराने. मग एकेक करत सगळ्यांनीच. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसा प्रकार. ज्याची काहीच चूक नव्हती तो गल्लीत दिसेनासा झाला, आणि मी नवीन पडदे लावले.

सासूबाईंचा खोकला थांबेना, तेव्हा नणंद येऊन त्यांना घेऊन गेली. गाडीत बसायच्या आधी त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, नीट राहा वगैरे म्हणतील. त्या म्हणाल्या, "मला नाही सांगितलंस ते जाऊ दे. पण त्या बिचाऱ्याला तरी सांग."

म्हणजे त्यांना माहीत होतं. किती दिवसांपासून, ते मी विचारलं नाही. मुलासमोर सुनेची अब्रू राहावी म्हणून ती बाई त्या खोलीत खोकत बसली होती. नणंदेकडे तीन महिन्यांत त्यांचा खोकला गेला. त्या परत राहायला आल्या नाहीत. मागच्या वर्षी गेल्या.

आणि मी सांगितलं का? नाही. सहा वर्षं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खरं आहे. कोणाच्या घरी ताजा रंग दिसला की मला तिथे बसवत नसे. पण खवखवणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं. त्या खोलीचं मी दार लावून घेतलं आणि अडगळ भरली.

यंदा आम्ही घरभर गरम पाण्याचे पाईप घालून घ्यायचं ठरवलं. फिटर आला आणि म्हणाला, उत्तरेची खोली रिकामी करा, मुख्य पाईप तिथूनच येणार. त्याने कपाट ओढलं, बॅगा उतरवल्या, वर बघितलं आणि प्लाय उचकटून काढला. गोधडीचे तुकडे खाली पडले, काळे, कुजलेले. "हे कोणी केलं हो?" त्याने विचारलं. "माणूस मारायचा होता की काय?" तो गंमत करत होता. मी चहा टाकायला म्हणून आत गेले.

परत आले तेव्हा तो पाईपसाठी कोपऱ्यातला रंग खरवडत होता. पोपडे गळून पडत होते. "इथे काहीतरी लिहिलंय," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

मी जमिनीवर बसून वाचलं. एकाखाली एक, तीन तारखा.

पहिल्या तारखेखाली: भिंत थंड. ओल आतली. झरोका उघडा आहे. बुरशीचं औषध दोन हात.

दुसरीखाली: पुन्हा आली. छप्पर, पन्हाळ, पाईप सगळं तपासलं. कारण सापडत नाही.

तिसरीखाली: झरोका बंद असल्यासारखंच वाटतं. पण वहिनी खोटं बोलणार नाहीत. चूक माझी.

त्या गाडलेल्या अक्षरांत, जिथे कोणी वाचणार नाही अशा जागीसुद्धा, त्या माणसाने माझ्यावर संशय घेतला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी रंगाच्या दुकानात चौकशी केली. दुकानदार म्हणाला, "त्यांनी भिंतीचं काम कधीच सोडलं. आता फाटकं आणि कठडे रंगवतात. लोखंडाला कान लावावा लागत नाही म्हणतात." त्यानेच बागेचा पत्ता दिला.

काका बागेच्या कठड्याशी उकिडवे बसून हिरवा रंग देत होते. आणखी वाळले होते.

"काका, ओळखलंत का?"

त्यांनी मान वर केली. "सतरा नंबर," म्हणाले. "उत्तरेची खोली."

मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं. बसले असते तर बोलले नसते. "काका, झरोका बंद होता. मीच बंद केला होता, आतून. तुम्ही पहिल्यांदा आलात त्याच्याही आधी."

ब्रश चालत राहिला. कठड्याचा एक गज रंगवून झाला. "म्हणजे तिन्ही वेळा बंद होता?"

"तिन्ही वेळा."

"विसरला असाल," ते म्हणाले. "घरात शंभर कामं असतात. नाही लक्षात राहत."

त्यांनी मला वाट काढून दिली होती. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं, आणि खरं सांगते, एक क्षण माझी मान हलणारच होती.

"नाही," मी म्हटलं. "लक्षात होतं."

मग त्यांनी ब्रश डब्यात ठेवला. "चाळीस वर्षं भिंतींशी बोललो, वहिनी. तुमच्या एका भिंतीने मला खोटं पाडलं म्हणून बाकी सगळ्यांशी बोलणं टाकलं." हाताला लागलेला हिरवा रंग त्यांनी फडक्याला पुसला. "आणि ती तर खरंच बोलत होती. भिंत अजून उघडी आहे का?"

"आहे."

"झाकू नका. उद्या सकाळी येतो."

ते धुतलेला शर्ट घालून आले, हात मोकळे. चपला बाहेर काढल्या. खोलीत जाऊन आधी झरोक्याकडे बघितलं, मग तीन तारखा वाचल्या. मग बोट वाकवलं, ठकठक केली, आणि सहा वर्षांनी भिंतीला कान लावला. मी दारात उभी होते. डोळे मिटून ते इतका वेळ उभे राहिले की मला वाटलं, रडतात की काय. रडत नव्हते. ऐकत होते.

"कोरडी झालीय," म्हणाले. मग खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढून माझ्यापुढे धरला. "लिहा."

"काय लिहू?"

"जे सापडलं ते. तारीख घालून."

गुडघे दुखतात माझे, पण बसले. लिहिलं: झरोका आतून घरमालकिणीने बंद केला होता. काकांनी तिन्ही वेळा बरोबर सांगितलं होतं.

त्यांनी वाकून वाचलं. "'माहीत असून' राहिलं," म्हणाले.

मी वर बघितलं. आवाज चढलेला नव्हता. पुट्टीत एखादा खड्डा राहिला की ते जसे दाखवायचे, तसंच दाखवत होते. मी 'बंद केला होता'च्या पुढे लिहिलं, 'आणि माहीत असून सांगितलं नाही'. अक्षर वेडंवाकडं आलं.

"काका, ही भिंत तुम्हीच रंगवा," मी म्हटलं. "तुमच्याशिवाय कोणी हात लावू नये तिला."

"नको, वहिनी," ते म्हणाले. "काम करीन आता. भिंतीचंही करीन. पण तुमच्याकडे नको." चपला घातल्या आणि गेले. पेन्सिल माझ्याच हातात राहिली.

त्या संध्याकाळी मी गल्लीत निघाले. सांगायचंच होतं, घरोघर, जसं तेव्हा पसरवलं तसंच. समोरच्या बाई मुलाकडे राहायला गेल्याला चार वर्षं झाली. त्यांच्या घरात आता राहणाऱ्या तरुण मुलीने दार उघडलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोण पोपडेकाका?" बँकवाल्यांनी घर विकलंय. कोपऱ्यावरचे म्हणाले, "असा कोणी रंगारी होता खरा. काय झालं होतं त्याचं?" मी काय बोलले होते ते कोणालाच आठवत नव्हतं. माणूस मात्र गल्लीतून पुसला गेला होता.

तरी मी जाते. आत्तापर्यंत एकोणीस घरं झाली. दार उघडणाऱ्याला आधी सांगावं लागतं की भिंतीला कान लावून तिचं दुखणं ओळखणारा एक माणूस इथे होता, आणि तो कधी चुकला नाही. त्यात बराच वेळ जातो. चहा होतो, लोक रंगून ऐकतात, कोणी म्हणतं, पत्ता द्या की त्यांचा. मी बागेचा पत्ता देते. मग ते विचारतात, एवढा चांगला होता तर तुम्ही त्याला का सोडलंत? आणि मग मला उरलेलं सांगावं लागतं.